चष्म्याच्या दुकानातली वकिलात

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, कापडाचं दुकान आणि किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी यांच्या मधोमध दूतकाकांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काचेचा काउंटर आणि त्यात मांडलेल्या फ्रेमा, मागे पडद्याआड अक्षरांचा तक्ता, आणि त्याच्याही मागे काकूंचं काचा घासायचं यंत्र. गिऱ्हाइकाशी गोड बोलून त्याच्या नाकावर फ्रेम बसवायची हे काम काकांचं. त्या फ्रेमेत काच अशी उतरवायची की ती पुन्हा हलता कामा नये, हे काम काकूंचं. यंत्र सुरू असलं की काकूंना काही ऐकू येत नाही, असा काकांचा समज होता. वास्तविक त्यांना सगळं ऐकू येई.

दुकानावर पाट्या दोन होत्या. एक मोठी, चष्म्याची. तिच्याखाली एक वीतभर पितळी पाटी, तिच्यावर कोरलेलं ‘मानद वाणिज्यदूत’ आणि पुढे एका देशाचं नाव. ते नाव सांगून काही उपयोग नाही. काकांनाच ते धड उच्चारायला वर्ष लागलं. देश म्हणजे समुद्राच्या पार पलीकडचं एक बेट. इतकं लहान, की नकाशात त्याचं नाव पाण्यावर छापावं लागतं, जमिनीवर मावत नाही. पाटी लागल्यापासून बाजाराने त्यांना दूतकाका करून टाकलं. शेजारचा कापडवाला मात्र त्यांना यमदूत म्हणे. ‘यमदूत आलेत का दुकानात?’ असं तो दारातून विचारी, आणि आत डोळे तपासून घेणारं नवं गिऱ्हाईक दचकून उठे.

ही दूतगिरी काकांच्या गळ्यात पडली ती अशी. शहरात कसलीशी मोठी परिषद भरली होती. त्या बेटाचे परराष्ट्रमंत्री भाषणाच्या थोडंसंच आधी हॉटेलच्या सोफ्यावर बसले, ते नेमके स्वतःच्या चष्म्यावर. सुट्टीचा दिवस, बाजार बंद. हॉटेलवाल्याने काका-काकूंना जेवणावरून उठवून दुकान उघडायला लावलं. मंत्र्यांच्या नंबरची काच बसेल अशी एकच फ्रेम तेव्हा शिल्लक होती; ती बायकांची, दोन्ही कोपरे वर उचललेली आणि जांभळी. मंत्री भला माणूस. त्यांनी तीच नाकावर चढवून भाषण केलं. परिषदेच्या फोटोत शंभर माणसं आहेत, पण ते चटकन सापडतात. काही महिन्यांनी टपालाने एक जाडजूड पाकीट आलं. त्यात नेमणुकीचं पत्र, एक शिक्का आणि ही पाटी. मानद म्हणजे बिनपगारी, हे काकूंनी पत्र पुरतं वाचायच्या आतच ओळखलं.

“असू दे गं,” काका म्हणाले, “देशाचं काम आहे.”

“कुणाच्या?” एवढंच विचारून काकू यंत्राकडे गेल्या.

देशाचं काम म्हणजे तसं काहीच नव्हतं. एक पोस्टाची तिकिटं जमवणारे गृहस्थ दर महिन्याला आपल्याच दिवाणखान्यात यावं तसे येऊन बसत आणि बेटाची नवी तिकिटं आली का विचारत. एकदा नवं लग्न झालेलं जोडपं आलं, त्यांना जगातला सगळ्यात एकांताचा समुद्रकिनारा हवा होता. तिथवर जायला चार विमानं आणि एक बोट लागते हे कळल्यावर ते सनग्लासेस घेऊन गेले. वर्षातून एकदा महापौर सगळ्या देशांच्या प्रतिनिधींना चहाला बोलावत. काका त्या दिवशी सूट घालत. तिथे पहिल्या रांगेत मोठे देश बसत, आणि त्यांच्याच शेजारी खाणींच्या कंपनीचे मुख्य साहेब आणि टेलिफोन कंपनीच्या बाई. काकांची खुर्ची तिसऱ्या रांगेत, खांबामागे. एका वर्षी त्यांनी धीर करून खुर्च्या मांडणाऱ्या अधिकाऱ्याला विचारलं की कंपनी पुढे आणि देश मागे, हे कसं काय. अधिकारी जराही ओशाळला नाही. तुमच्या देशात जितकी माणसं आहेत त्याहून जास्त त्यांच्या कँटीनमध्ये जेवतात, असं त्याने सांगितलं. काकांना ते पटलं. घरी येऊन त्यांनी ते काकूंनाही कौतुकाने सांगितलं.

असं सगळं सुखात चाललं असताना एका सकाळी बंदर अधिकाऱ्यांचा फोन आला. हे अधिकारी काकांचे जुने गिऱ्हाईक, जवळचं आणि लांबचं दोन्ही नंबर असलेले, स्वभावाने सज्जन, पण नियमांच्या बाबतीत चिकट.

“तुमचं जहाज किती दिवस उभं राहणार आहे?” त्यांनी विचारलं.

काकांना वाटलं, राँग नंबर. त्यांच्या मालकीची स्कूटरसुद्धा नव्हती, ती काकूंची होती. पण अधिकाऱ्यांनी नीट समजावलं. बंदराबाहेर एक मालवाहू जहाज नांगर टाकून उभं होतं. माल केव्हाच उतरला होता. जहाजाच्या मालक कंपनीने एक दिवस फोन उचलणं बंद केलं, आणि मग कंपनीच नाहीशी झाली. दूरच्या एका शहरातल्या तिच्या पत्त्यावर कुणी जाऊन पाहिलं, तर तिथे एक बंद दार आणि दारावर पन्नासेक कंपन्यांच्या पाट्या. आत माणूस एकही नाही. जहाजावर कप्तान धरून नऊ जण अडकले होते. पाणी संपत आलेलं, डिझेल संपत आलेलं. त्यांना किनाऱ्यावर उतरू द्यायचं तर त्यांची जबाबदारी घेणारं कुणीतरी हवं. एक तर मालक, नाही तर ज्या देशाचा झेंडा जहाजावर आहे तो देश. मालकाने काखा वर केल्या होत्या. आणि झेंडा होता काकांच्या बेटाचा.

“कायद्याने ते जहाज म्हणजे तुमच्या देशाचा तुकडाच,” अधिकारी म्हणाले. “आणि इथे तुमचा देश म्हणजे तुम्ही.”

काकांनी फोन ठेवला आणि ते स्टुलावर बसले. यंत्र थांबलं. पडद्याआडून काकूंनी विचारलं, “जहाज केवढं आहे?”

त्या दिवशी दुपारभर काकांनी आपल्या देशाला फोन लावला. तिकडे पहाट होती. अखेर एका बाईंनी फोन उचलला. त्या मंत्रालयातल्या चार माणसांपैकी एक होत्या आणि उरलेल्या तिघांची कामंही सध्या त्यांच्याकडेच होती. त्यांनी काकांची आस्थेने चौकशी केली, तिकडे उकाडा आहे का विचारलं, आणि मग सांगितलं की जहाजांचं आमच्याकडे काही नसतं. आमच्या झेंड्याखाली जहाजं नोंदवायचं काम आम्ही पूर्वीच एका कंपनीला देऊन टाकलंय. तिचं ऑफिस दुसऱ्या खंडात आहे. आमच्या झेंड्याची नेमकी किती जहाजं आहेत हे आम्हालाही ठाऊक नाही, पण बेटावर घरं आहेत त्याहून ती जास्त असावीत, असं त्या म्हणाल्या.

काकांनी त्या कंपनीला फोन लावला. तिथे एक अतिशय नम्र तरुण भेटला. काकांना वाटलं, चला, माणूस भेटला. पण त्याची नम्रता गुळगुळीत फरशीसारखी होती. काका जिथे पाय टेकवायला जात तिथून घसरत. जहाजाबाबत वाणिज्यदूतांनी परस्पर काही करायचं नाही, असं तो म्हणाला. काय करायचं ते आम्ही कळवू. आणि आम्ही ते मालकाची विनंती आल्यावरच कळवतो. मालक सापडत नाही, हीच तर तक्रार आहे, असं काका म्हणाले. मग मालकामार्फत तशी तक्रार येऊ दे, असं तो म्हणाला, आणि फोनवर संगीत वाजू लागलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी सूट घातला, नेमणुकीचं पत्र घेतलं आणि ते बंदराच्या फाटकावर गेले. आपल्या माणसांना निदान भेटून तरी यावं, असं त्यांच्या मनात होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पत्र वाचलं, उलटं करून पाहिलं, आणि परदेशी प्रतिनिधी असाल तर वरच्या खात्याची परवानगी आणा म्हणाला. परवानगीला दोनेक आठवडे लागतात, हेही त्याने सांगितलं. काका परत आले तेव्हा कापडवाला दारातच उभा होता. जहाज आपल्या गल्लीत लावणार असाल तर आधी सांगा, म्हणजे मी टेम्पो हलवतो, असं तो म्हणाला. काका आत गेले. सूट काढून खुंटीला लावला आणि गिऱ्हाइकाविना फ्रेमा पुसत बसले. 

खलाशांच्या युनियनच्या बाई दुकानात आल्या त्या तिसऱ्या प्रहरी. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, हातात दोन पाण्याचे मोठे कॅन घेऊनच आलेल्या. त्यांची युनियन सगळ्या देशांच्या खलाशांची, म्हणून तिला स्वतःचा देश असा नव्हता, पण एक मोटरबोट होती. त्या रोज जहाजावर पाणी पोचवत होत्या. इथे दूत आहे असं त्यांना अधिकाऱ्यांकडून कळलं होतं. आणि तो दूत फाटकावरून परत आला, हेही कळलं होतं.

“दूत म्हणून तुम्हाला सोडणार नाहीत,” बाई म्हणाल्या. “पण माझ्या बोटीतून न्हावी जातो, डॉक्टर जातो. चष्मेवाला चालेल.”

“मग आधीच का नाही सांगितलंत,” काकू पडद्याआडून बाहेर येत म्हणाल्या. त्यांनी नंबर तपासायच्या काचांची पेटी केव्हाच फडक्यात बांधली होती. आपणही येणार, हे त्यांनी विचारलं नाही, कळवलं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर कालचाच पहारेकरी होता. त्याने पेटी उघडून पाहिली, काकांकडे पाहिलं, ओळख पटल्याचं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण चष्मेवाल्यांसाठी परवानगीचा नियम नव्हता. उलट त्याने स्वतःचा चष्मा काढून दाखवला. एक दांडी सैल झाली होती. काकूंनी तिथल्या तिथे स्क्रू आवळून दिला आणि बोट सुटली.

जहाज लांबून बरं दिसत होतं. जवळ गेल्यावर कळलं की ते रंगापेक्षा गंजावरच जास्त तरंगतंय. दोराच्या शिडीवरून काका चढू लागले. त्यांनी खाली पाहिलं नाही, आणि वरही पाहिलं नाही, कारण वर काकू चढत होत्या आणि त्या मागे वळून सूचना देत होत्या. डेकवर पाय ठेवला तर समोर नऊ माणसं ओळीने उभी. दाढ्या केलेल्या, शर्टांच्या बाह्या उतरवलेल्या. कप्तानाने, साठीकडे झुकलेल्या, उन्हाने रापलेल्या गृहस्थाने, टोपी काखेत धरली होती. न्हाव्याच्या बोटीतून कोण येतंय हे युनियनच्या बाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

काकांनी भाषण तयार केलं नव्हतं.  बंदरांमध्ये चालणाऱ्या, सगळ्यांना थोडी थोडी येणाऱ्या त्या मोडक्यातोडक्या भाषेत त्यांनी एवढंच म्हटलं की मी आलोय.

कप्तानाने त्यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. मग तो म्हणाला, “वीस वर्षं या झेंड्याखाली फिरतोय, साहेब. या देशाचा माणूस आज पहिल्यांदा पाहिला.”

काकांना खोटं बोलवेना. “मी तिथला नाही,” ते म्हणाले. “मी कधी गेलोही नाही तिकडे. माझं इथे चष्म्याचं दुकान आहे.”

 कप्तानाने आपल्या माणसांकडे वळून त्यांच्या त्यांच्या भाषेत ते सांगितलं, चार भाषांत चार वेळा, आणि डेकवर एकेका टोकाने हसू पसरत गेलं. नऊ माणसं चार देशांची, जहाज पाचव्याचं, मालक सहाव्या कुठल्या तरी देशातल्या बंद दाराआडचा, आणि त्या सगळ्याचा वाली म्हणून आलेला माणूस चष्मेवाला. काकाही हसले. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की यातल्या आचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आहे. आचारी म्हणाला, मला दुसरं काही नको, एकदा अशा जमिनीवर चालायचंय जी हलत नाही.

मग काकांनी तक्ता एका खांबाला टांगला आणि खरोखरच सगळ्यांचे डोळे तपासले. आलोय तर काम करून जाऊ, एवढाच त्यांचा विचार होता. काकू काचा बदलत होत्या. इंजिनवाल्याला गेली कित्येक वर्षं मीटरचे आकडे दिसत नव्हते आणि तो ते आवाजावरून ओळखत होता, असं निघालं. कप्तानाने दोन ओळी वाचून तिसरीला थाप मारली. काकूंनी ती पकडली.

 किनारा आल्यावर काका बाईंना म्हणाले की या माणसांचं काहीतरी करायला हवं, आणि ते सरळ बंदर अधिकाऱ्यांच्या खोलीत गेले. मागोमाग त्या दोघी.

अधिकाऱ्यांची अडचण खरी होती. उद्या यांना उतरू दिलं आणि कुणीच परत पाठवलं नाही, तर नऊ माणसं माझ्या माथी, असं ते म्हणाले. विमानाच्या तिकिटांचं युनियन बघेल, असं बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं. पण युनियनची सही मला चालत नाही, सही देशाची लागते, असं अधिकारी म्हणाले. मोटरबोट असलेल्या युनियनची सही चालत नाही आणि चार माणसांच्या मंत्रालयाची चालते, यावर बाईंनी जे मत दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. अधिकाऱ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मतभेद त्यांचाही फारसा नसावा. पण त्यांनी छापील हमीपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि ते काकांकडे पाहू लागले.

काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की सही करायला मला मनाई आहे. नोंदणीच्या कंपनीने तसं बजावलंय.

“आणि तरी केली तर?” काकूंनी विचारलं.

“तर देश यांना दूत म्हणून काढून टाकेल,” अधिकारी म्हणाले.

“पगार बंद करतील का?”

“पगार कुठे आहे, अगं,” काका म्हणाले.

“तेच म्हणते मी,” काकू म्हणाल्या, आणि पर्समधून शिक्का काढून त्यांनी टेबलावर ठेवला. तो त्यांनी सकाळीच पर्समध्ये टाकला होता.

काकांनी सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. आयुष्यात त्यांनी चष्म्याच्या पावतीपलीकडे फारशा सह्या केल्या नव्हत्या. पण शिक्का त्यांनी असा ठासून मारला की टेबलावरची पेनं उडाली.

मग एक नवाच घोळ झाला. कप्तान उतरेना. जहाज रीतसर कुणाच्या तरी ताब्यात दिल्याशिवाय कप्तानाने ते सोडायचं नसतं, आणि तो वीस वर्षांत कधी नियमाबाहेर वागला नव्हता. बंदराला ताबा नको होता, युनियनचा चालणार नव्हता. शेवटी तो काकांनाच घ्यावा लागला. राखणीला बंदराने आपली दोन माणसं ठेवली, पण कोर्टाचा हुकूम येईपर्यंत, म्हणजे साधारण पंधरवडाभर, एक अख्खं मालवाहू जहाज चष्म्याच्या दुकानाच्या हवाली होतं. त्या दिवसांत काका रोज संध्याकाळी धक्क्यापर्यंत चालत जात आणि ते जागेवर आहे ना पाहून येत. काकूंनी विचारलं, की नसलं तर तुम्ही काय करणार होतात. काका म्हणाले, तक्रार. मग ती कुणाकडे करायची हे आठवून स्वतःच हसले.

नऊही जण उतरले. आचारी धक्क्यावर उतरला आणि चालायच्या ऐवजी धपकन बसला; जमीन हलत नसल्यामुळे त्याला चक्कर आली होती. आठवड्याभरात सगळे आपापल्या घरी गेले. इंजिनवाला जाताना नव्या चष्म्यातून विमानतळावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होता, असं बाईंनी सांगितलं. जहाज पुढे भंगारात गेलं.

देशाकडून उत्तर यायला महिना लागला. आधी त्या नम्र तरुणाचं पत्र आलं, त्यात नम्रता अजिबात नव्हती. मग मंत्रालयातल्या बाईंचा फोन आला. त्या फार अवघडून बोलत होत्या. तुमच्यावरून आमच्या मंत्रिमंडळात मोठी चर्चा झाली, त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच जणांना आपल्या झेंड्याखाली काय चालतं हे पहिल्यांदाच कळलं. दोन मंत्र्यांचं म्हणणं होतं की तुम्हाला पदक द्यावं. पण कंपनी म्हणाली, दूताला काढा नाही तर करार मोडू, आणि आमचं हॉस्पिटल त्या करारावर चालतं. काकांनीच मग त्यांना धीर दिला. हॉस्पिटल आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही, असं ते म्हणाले, आणि तिकडे उकाडा आहे का, हे या वेळी त्यांनी विचारलं.

 इतकी वर्षं जो देश काकांना गमतीचा वाटत आला होता, तो हातचा गेल्यावर त्यांना थोडी चुटपुट लागली. काकूंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि त्या दिवशी यंत्र लवकर बंद केलं.

पुढच्याच आठवड्यात एक उंच, ओशाळलेला तरुण दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. अंगावर तेलकट डांगरी, हातात टोपी. मोडक्या भाषेत त्याने सांगितलं की तो धक्क्यावरच्या दुसऱ्या एका जहाजावरचा आहे, त्यांचाही मालक महिनाभर फोन उचलत नाहीये, आणि अशा वेळी चष्म्याच्या दुकानात जायचं असतं, असं त्याला कुणीतरी सांगितलंय. काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मी आता कुणाचाच दूत नाही, माझ्यामागे कुठलाही देश नाही. तरुणाला त्यातलं किती समजलं कोण जाणे. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता.

काकूंनी तक्ता लावला. पण त्याला ती अक्षरं येत नव्हती. मग त्यांनी दुसरा काढला, फणीसारख्या तीन दांड्यांच्या खुणांचा, आणि दांडे कुठल्या बाजूला आहेत तेवढं बोटाने दाखवायला सांगितलं. तरुण बोट दाखवू लागला, वर, खाली, डावीकडे. काकांनी तेवढ्यात युनियनच्या बाईंना फोन लावला, आणि बाई येईपर्यंत त्याला विचारलं की जहाजावर झेंडा कुठल्या देशाचा आहे. त्याने एक नाव सांगितलं. काकांनी ते त्याला पुन्हा म्हणायला लावलं, स्वतः दोनदा म्हणून पाहिलं, आणि नकाशा शोधायला उठले.